नर्सिंगच्या मुलांना मेडिसिन-सर्जरी आणि सायकियाट्री एकत्र कसं शिकवायचं

हे लिहितेय ते नवीन लागलेल्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरसाठी, आणि वॉर्डमधल्या त्या सिस्टर-ब्रदरसाठीही, ज्यांच्या गळ्यात दर पोस्टिंगला आठ-दहा स्टुडंट पडतात आणि वरून कामही तेवढंच असतं. बीएस्सीच्या सेमिस्टर पॅटर्नमध्ये अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग, म्हणजे मेडिसिन-सर्जरी, तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला येतं आणि मेंटल हेल्थ पाचव्या-सहाव्याला, जीएनएम डिप्लोमाला दोन्ही दुसऱ्या वर्षात. विषय वेगळे, पेपर वेगळे, फाईल वेगळी, त्यामुळे मुलांच्या डोक्यातही पेशंटचे दोन तुकडे होतात. मेडिसिन वॉर्डात सलाईन, कॅथेटर, ड्रेसिंग सगळं करतील पण पेशंट दोन दिवस भिंतीकडे तोंड करून का पडलाय हे कुणी विचारणार नाही, आणि मनोरुग्णालयात गेल्यावर तासभर गप्पा मारतील पण त्याच माणसाला ताप आहे का हे हात लावून बघणार नाहीत. मला वाटतं शिकवणाऱ्याचं सगळ्यात मोठं काम हे दोन तुकडे जोडणं हेच आहे, आणि ते पहिल्या दिवसापासून करता येतं.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी प्रोसिजर देऊ नका. मुलं इंजेक्शन द्यायला उतावीळ असतात, साहजिक आहे, पण आधी एक पेशंट द्या आणि दहा मिनिटं फक्त बघायला सांगा. केस पेपर नाही वाचायचा, मोबाईल नाही. मग बाजूला घेऊन विचारा काय दिसलं. श्वास कसा चाललाय, बोलताना दम लागतो का, पायावर सूज आहे का, युरोबॅगमध्ये किती आणि कुठल्या रंगाची लघवी आहे, डबा आलाय पण खाल्लाय का, जवळ कोण बसलंय, की कुणीच नाही. ही शेवटची दोन उत्तरं मुलं सहसा देत नाहीत, म्हणून तीच मुद्दाम विचारा.

मग टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास. कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघडा, रेस्पिरेशनच्या रकान्यात वीस, वीस, अठरा, वीस असं ओळीने लिहिलेलं असतं, कारण कुणी मोजतच नाही. पेशंट बिघडायला लागतो तेव्हा बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वासाचा वेगच बदलतो, बीपी नंतर पडतं. म्हणून मुलांना पूर्ण एक मिनिट मोजायला लावा. नाडी मोजून झाली की मनगट धरूनच ठेवायचं आणि नजर छातीवर न्यायची, म्हणजे पेशंटला कळत नाही आणि तो मुद्दाम श्वास बदलत नाही. तुम्ही स्वतः त्याच पेशंटचा मोजा आणि दोघांचा आकडा शेजारी शेजारी लिहा. चार-पाच वेळा असं केलं की मुलं अंदाजे लिहायचं सोडतात, ओरडायची गरज पडत नाही.

इन्सुलिन शिकवताना पुस्तकातून शिकवू नका, दोन सिरींज हातात द्या. आपल्याकडे ४० युनिटची व्हायल आणि १०० युनिटची, दोन्ही चालतात, ४० ची सिरींज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. टेबलावर साधं पाणी घ्या आणि मुलीला सांगा, १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरींजने २० च्या रेघेपर्यंत काढ. आता हिशोब कर किती युनिट झाले. अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट. वीसच्या जागी पन्नास. हा आकडा तिने स्वतः काढला की ती जन्मात विसरत नाही. मग लगेच पुढचा प्रश्न, हे दिलं गेलं तर पेशंट कसा दिसेल? घाम, थरथर, धडधड हे सांगतील, पण काही जण नुसते चिडचिड करतात, असंबद्ध बोलतात, दारू प्यायल्यासारखे वागतात, हेही त्याच वेळी सांगा. एकदम वेडंवाकडं वागायला लागलेल्या पेशंटची आधी शुगर बघायची, हा नियम इथेच बसवा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत शुगर. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, डॉक्टरांना हाक आणि शिरेतून डेक्स्ट्रोज.

ड्रिप रेटचा हिशोब रोज एक तरी करून घ्या. सेटच्या पाकिटावर एमएलला किती थेंब ते छापलेलं असतं, ते आधी वाचायची सवय लावा. वीस थेंबांचा सेट असेल तर ५०० एमएल चार तासांत म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. वेस्टच्या डब्यांचे रंग, हात धुणं, हे रोजच्या कामातच पक्कं होतं, त्यासाठी वेगळा तास नको. फक्त सुई टोचली तर काय करायचं हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, आणि लपवायचं नाही, लगेच सांगायचं, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत तरी सुरू व्हायलाच हवीत. बोलणी खावी लागतील या भीतीने मुलं गप्प बसतात, म्हणून तुम्ही रागावणार नाही हे त्यांना आधी माहीत पाहिजे.

फवारणीचं औषध प्यायलेला पेशंट

दोन्ही विषय एकत्र शिकवायला यापेक्षा चांगली केस नाही असं मला वाटतं, आणि दुर्दैवाने आपल्याकडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ही केस शोधायला लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यात तर नाहीच. ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग, म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा.

आधी शरीर. अंगावरचे कपडे काढायचे, कातडी आणि केस साबण-पाण्याने धुवायचे, ग्लोव्हज घालून, कारण ते औषध कातडीतूनही जातं. तोंडाला लाळ, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घाम, जुलाब, नाडी मंद. अ‍ॅट्रोपिन हा विषाचा उतारा डॉक्टरांच्या ऑर्डरने चालू होतो, पण तो पुरेसा झाला का हे दर थोड्या वेळाने बघणारी नर्सच असते. तर स्टुडंटला पाच गोष्टी तपासायला शिकवा: छाती मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर आहे का, वरचं बीपी ८० च्या वर आहे का, काखेत घाम आहे की कोरडी, बाहुल्या मोठ्या व्हायला लागल्या का. काखेत हात घालायला मुलं संकोच करतात. तुम्ही आधी स्वतः घाला, मग ती घालतील. त्यातही छाती सगळ्यात महत्त्वाची, बाहुल्यांवर एकट्या विसंबू नका हे सांगा.

अ‍ॅट्रोपिन जास्त झालं तर? पेशंट लाल, गरम, तोंड कोरडं ठाक, ओटीपोट लघवीने फुगलेलं, आतडी शांत, आणि हवेत काहीतरी पकडतोय, चादर खुडतोय, नसलेल्या माणसाशी बोलतोय. इथे स्टुडंट हमखास म्हणतात, मॅडम याला मेंटल प्रॉब्लेम आहे, म्हणूनच प्यायला असेल. हीच वेळ डिलिरियम शिकवायची, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने अचानक आलेला भ्रम. कालपर्यंत नीट ओळखत होता ना? मग रात्रीत काय बदललं? चार्ट उघड, अ‍ॅट्रोपिन किती गेलं बघ, ताप किती आहे बघ, ओटीपोट चाचपून बघ. पंधरा मिनिटांत फार्मॅकोलॉजी आणि सायकियाट्री दोन्ही शिकवून होतं.

आणि एक गोष्ट, ही घोकून घ्या. पहिला दिवस नीट गेला, पेशंट बोलायला लागला, नातेवाईक खूश, सगळे सैल पडतात. साधारण २४ ते ९६ तासांच्या मध्ये काही पेशंटचे मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडतात, त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. याची पहिली खूण पलंगाशी उभं राहून कुणालाही बघता येते: पेशंटला सांगायचं, दादा, उशीवरून डोकं वर उचला आणि धरून ठेवा. काल उचलत होता आणि आज उचलता येत नाही, तर लगेच डॉक्टर, लगेच व्हेंटिलेटरची तयारी. दर राउंडला स्टुडंटकडून हे करून घ्या आणि चार्टवर लिहून घ्या. मशीन लागत नाही, पैसा लागत नाही, जीव वाचतो.

आता मन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा माणूस टक्क जागा असतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला बोलून जातो. बायकोपोरांचा विचार नाही केलास का, एवढं काय आभाळ कोसळलं होतं, शिकलेला माणूस ना तू. हे वॉर्डातले मामा बोलतात, नातेवाईक बोलतात, कधी कधी आपला स्टाफही बोलतो. स्टुडंटच्या तोंडून यातलं एकही वाक्य बाहेर येता कामा नये, हे तिला आधीच बजावून ठेवा. बोलायला काय सांगायचं? स्टूल घेऊन बसायचं, उभ्याने बोलायचं नाही. पडदा ओढायचा. नातेवाइकांना चहाला पाठवायचं. आणि मग सरळ विचारायचं, "काका, अजून जीव द्यावासा वाटतो का?" मुलं हा प्रश्न विचारायला घाबरतात, विचारलं तर त्याच्या डोक्यात परत येईल असं त्यांना वाटतं. विचारल्याने विचार येत नाही, उलट बऱ्याच पेशंटना कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं. हो म्हणाला तर पुढे, कसं करायचं ठरवलंय, कधी, जवळ काही आहे का. आणि हे कुणाला सांगू नका म्हणाला तर खोटं वचन द्यायचं नाही, "तुमच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून मी सिस्टरांना आणि डॉक्टरांना सांगणार, बाकी कुणाला नाही" असं तोंडावर सांगायचं.

त्याचवेळी पलंगाच्या आजूबाजूला नजर फिरवायला शिकवा. ड्रेसिंग ट्रॉलीवरची कात्री, खिडकीचे गज, बाथरूमची आतली कडी, लॉकरमध्ये साठवलेल्या गोळ्या. पेशंट एकटा राहणार नाही हे बघायचं आणि ड्युटी सोपवताना पुढच्या ड्युटीला तोंडी पण सांगायचं, लेखी पण.

कायद्याचा भाग लहान आहे पण मुलांना माहीत पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला त्यासाठी शिक्षा करायची नाही, त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. हॉस्पिटलची एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) कागदपत्रं होतात ती होऊ द्या, स्टुडंटने पेशंटशी पोलिसासारखं बोलायचं काही कारण नाही.

डिस्चार्जच्या आधी नातेवाइकांशी जे बोलणं होतं ते स्टुडंटला समोर बसवून करा, पुढच्या वेळी तिच्याकडून करून घ्या. घरात उरलेलं फवारणीचं औषध कुठे आहे? ते घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. पुढची सायकियाट्री ओपीडीची तारीख कागदावर, आणि त्याच कागदावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. हे सगळं डिस्चार्ज कार्डवर नसतं, म्हणून स्टुडंटने हाताने लिहून द्यायचं.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री

सर्जरी वॉर्डात दुसरी केस पकडा. हर्नियाचं, फ्रॅक्चरचं, कसलंही ऑपरेशन झालेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रात्री अचानक हात थरथरतोय, घामाघूम, ड्रेन ओढतोय, अंगावर मुंग्या चढल्यात म्हणतोय. शेवटचा पेग पोटात जाऊन दोन-तीन दिवस झालेले असतात. दारू सुटल्यावर थरथर सहा ते चोवीस तासांत सुरू होते, फिट पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते, डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू सुटल्याचा डिलिरियम, साधारण ४८ ते ९६ तासांत. आणि हे पेशंट मरू शकतात, नुसती दारूची भानगड म्हणून हात बांधून ठेवण्यासारखी ही गोष्ट नाही.

हे टाळायचं तर अ‍ॅडमिशनच्या वेळी विचारायला लागतं. एकोणीस वर्षांची मुलगी पन्नाशीतल्या काकांना दारूबद्दल विचारताना लाजते, मग "काही व्यसन?" असं पुटपुटते, काका नाही म्हणतात, फाईलमध्ये निल. तिला वाक्यच पाठ करायला द्या: "काका, हे सगळ्यांना विचारते, भूल द्यायच्या आधी लागतं. रोज किती घेता? शेवटची कधी घेतली?" बायकांनाही विचारायचं. तंबाखू, मिश्रीही विचारायची. आणि असा पेशंट असेल तर ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) गेलं का हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला शिकवा, स्टुडंटने विचारलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

डिलिरियम ओळखायची सोपी चाचणी म्हणजे वार उलटे म्हणायला सांगणं, रविवार, शनिवार, शुक्रवार. लक्षच टिकत नसेल तर दोन वारांनंतर गाडी घसरते. सकाळी बरा, संध्याकाळी भ्रमिष्ट, असं वर-खाली होत असेल तर संशय पक्का. आरडाओरडा करणारा सगळ्यांना दिसतो, पण कोपऱ्यातल्या पलंगावरचे आजोबा जे कालपासून शांत झालेत, हाक मारली तरी उशिरा ओ देतात, जेवत नाहीत, त्यांनाही डिलिरियमच असू शकतो आणि तो सुटून जातो. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी, झोपेची गोळी, बद्धकोष्ठ, काहीही कारण असू शकतं. नोट्समध्ये "पेशंट इरिटेबल" असं लिहिलं की परत करा. काय केलं, काय बोलला, किती वाजता, एवढंच लिहायला सांगा.

मनोरुग्णालयाची पोस्टिंग

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्याची मुलं बांबोळीला जातात. बरीच कॉलेजं लांबच्या जिल्ह्यातून मुलांना घेऊन येतात, मुलं पहिल्यांदाच तिथे पाय ठेवणार असतात आणि आठवडाभर आधीपासून हॉस्टेलवर काय काय गोष्टी रंगलेल्या असतात. जायच्या आधी तासभर नुसतं भीतीवर बोला. कुणाच्या घरात असा पेशंट असतो, ती मुलगी गप्प बसलेली असते, तिला सगळ्यांसमोर बोलायला लावू नका, नंतर एकटीला भेटा.

नियम थोडे आणि स्पष्ट. गळ्यात चेन नाही, पिना नाहीत, कात्री-ब्लेड खिशात नाही, फोटो नाही, फोन नंबर द्यायचा नाही, दाराकडे जायची वाट आपल्या मागे मोकळी. दहा जणींनी एका पेशंटभोवती कोंडाळं करायचं नाही. आपापसात कुजबुजून हसायचं तर अजिबात नाही, ज्याला आधीच सगळे आपल्याविरुद्ध बोलतात असं वाटतं त्याच्यासमोर हे फार वाईट.

मग रोल प्ले. पेशंट तुम्ही व्हा. "माझ्या चहात विष घालतात, तू पण त्यांच्यातलीच." एक मुलगी म्हणेल छे हो, असं कोण करेल. दुसरी म्हणेल हो का, कोण घालतं? दोन्ही चुकतं, एकीने त्याला खोटं पाडलं, दुसरीने त्याच्या गोष्टीत भर घातली. चालण्यासारखं उत्तर असं: "तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय मला. मला तसं काही दिसलं नाही. मी बसते इथे थोडा वेळ." आणि बसायचं, खरंच बसायचं. शांत बसणं शिकवायला सगळ्यात अवघड आहे, घड्याळ लावून दोन मिनिटं दोघींना समोरासमोर न बोलता बसवा, म्हणजे कळतं.

प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे पेशंटशी झालेल्या बोलण्याची नोंद, त्याच दिवशी लिहून घ्या, पेशंट जे आणि जसं बोलला तसंच, वऱ्हाडीत बोलला तर वऱ्हाडीत, अहिराणीत तर अहिराणीत. पुस्तकातली छापील वाक्यं उतरवलेली लगेच ओळखू येतात. मेंटल स्टेटस घेतानाही माणूस बघून प्रश्न विचारायचे, शाळेत न गेलेल्या आजींना शंभरातून सात वजा करत जा म्हणण्यापेक्षा वीस रुपयांतून सातची भाजी घेतली तर किती उरले हे विचारा, तारीख नाही आली तर नुकता कुठला सण झाला ते विचारा.

इथे आल्यावर मुलांचं शरीराकडचं लक्ष सुटतं, ते सुटू देऊ नका. लिथियमवरच्या (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावरच्या) पेशंटला उलट्या, जुलाब, हाताला मोठी थरथर, चालताना झोक जातोय, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना सांगायचं, रक्तातली पातळी १.५ च्या वर गेली की विषबाधेचा धोका. नागपूरच्या उन्हाळ्यात घाम जाऊन, किंवा कडक उपास धरून पाणी न प्यायल्यानेही पातळी चढते, हे घरच्यांनाही समजावायचं. हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधानंतर मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, तर ते नाटक नसतं, लगेच औषध द्यावं लागतं. अंग लाकडासारखं ताठ, जोराचा ताप, घाम, गोंधळलेला, म्हणजे एनएमएस (न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, अशा औषधांचा जीवघेणा दुष्परिणाम), इमर्जन्सी. क्लोझापिन या दुसऱ्या मनोविकारावरच्या औषधावर ताप किंवा घसा दुखला तर पांढऱ्या पेशी तपासायला हव्यात, आणि रोज शौचाला झालं का हे विचारायचं, क्लोझापिनची बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकते. न हलता पडून असलेल्या कॅटाटोनियाच्या पेशंटला मेडिसिन वॉर्डात शिकलेलं सगळं लागतं, पाठ बघणं, लघवी बघणं, पोटऱ्या बघणं.

ईसीटीची (शॉक ट्रीटमेंटची) तयारी म्हणजे कुठल्याही भुलेचीच तयारी, उपाशीपोटी, कवळी काढलेली, लघवी करून, संमतीपत्र. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी द्यायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. पेशंटला एकांतात कोंडणं आणि साखळीने बांधणं यालाही बंदी, आणि तात्पुरतं बांधायचं तर दुसरा उपायच नसेल तेव्हा, सायकियाट्रिस्टच्या परवानगीने, नोंद करून, आणि तेवढा वेळ हातापायाचा रंग, पाणी, लघवी बघत राहायचं. नातेवाईक आधी देवऋषीकडे जाऊन आलेले असतात, त्यांना हसू नका, देवाला जा पण गोळी बंद करू नका एवढं सांगा. भूत उतरवायला मारहाण झाली असेल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो गुन्हा आहे, वळ दिसले तर नोंद करून वरिष्ठांना कळवायचं.

शेवटी लॉग बुक आणि परीक्षा

स्टुडंटला पेशंटसमोर ओरडू नका, ट्रे खाली ठेवायला लावा, "एक मिनिट बाहेर ये" म्हणा आणि तिथे बोला. ड्युटी संपताना पंधरा मिनिटं सगळ्यांना गोल बसवून तीनच प्रश्न: आज काय बघितलं, काय जमलं नाही, कुणाची काळजी वाटतेय. पहिला मृत्यू बघितलेल्या मुलीला त्या दिवशी लास्ट ऑफिस (मृतदेह स्वच्छ करून नीट गुंडाळणं) झाल्यावर लगेच दुसरं काम लावू नका, आणि दोन-तीन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं दिसलं तर समुपदेशकाकडे न्या, तोच १४४१६ तिच्यासाठीही आहे.

लॉग बुकवर डोळ्यांनी बघितलेल्या प्रोसिजरवरच सही करा. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी पन्नास सह्या मागायला मुलं रांग लावतात, म्हणून रोजच्या सह्या रोज. अंतर्गत परीक्षेला एक स्टेशन तरी मिसळीचं ठेवा: मधुमेह असलेला, पाय कापलेला पेशंट, इन्सुलिन द्यायचंय, आणि तो म्हणतो "आता जगून काय करू". निम्मे मार्क सिरींज, डोस आणि शुगरला, निम्मे मार्क त्या वाक्यानंतर तिने काय केलं त्याला, आणि हे मार्कांचं वाटप मुलांना सेमिस्टरच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.